सॉफ्टवेअर सपोर्टची नोकरी: कोकणात राहून तिच्यात पुढे कसं जायचं

कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण इथली बरीच मुलंमुली आता घरातून किंवा गावातल्या छोट्या ऑफिसातून सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कस्टमर सपोर्टचं काम करतात. कोणाकडे दुकानाच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर, कोणाकडे पतसंस्थेचं, कोणाकडे होमस्टेच्या बुकिंगचं. नोकरी लागते तेव्हा घरचे खूश असतात, कारण मुंबईला खोली घेऊन राहायची वेळ येत नाही. सहाएक महिने जातात आणि तेच ते सुरू होतं. पासवर्ड विसरलो, प्रिंटर दिसत नाही, चुकलेलं बिल कसं काढू. मग वाटायला लागतं की इथे शिकण्यासारखं काही उरलं नाही, खरं काम डेव्हलपर करतात आणि आपण नुसते फोन उचलतो.

मला हे अजिबात पटत नाही. मी स्वतः कुडाळमधून हेच काम करते आणि नव्या लोकांना शिकवते, म्हणून ठामपणे सांगते. सपोर्टला येणाऱ्या प्रत्येक तक्रारीत दोन गोष्टी असतात: गिऱ्हाइकाचं अडलेलं काम, आणि ते अडण्यामागचं कारण. काम मार्गी लावण्याचा पगार मिळतो. कारण शोधायला कोणी सांगत नाही, त्यामुळे बहुतेक जण ते तसंच सोडतात. आयटीआयएल ही आयटी सेवा सांभाळण्याची कार्यपद्धती १९८०च्या दशकात ब्रिटनच्या सरकारी कामकाजातून आली. तिच्यातही या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत, इन्सिडंट आणि प्रॉब्लेम. आठवडाभर इन्सिडंट निस्तरत असताना एखादा प्रॉब्लेम मुळापर्यंत नेता आला, तर या नोकरीत कंटाळायला वेळ मिळत नाही. तिथवर पोचायच्या पायऱ्या खाली देते आहे. पहिल्या तीन क्रमाने करा, पुढच्या आपापल्या सोयीने.

पायरी १: डेमो खात्यात स्वतःचा धंदा उघडा

ट्रेनिंगमध्ये मेनू शिकवतात. गिऱ्हाइकाला मेनूशी काही देणंघेणं नसतं, त्याला संध्याकाळी गाडी भरायची असते. म्हणून पहिल्या महिन्यात डेमो खातं मागून घ्या आणि त्यात आंब्याचा धंदा मांडा. चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी अशा पेट्यांचे वेगळे आयटम करा. वाशीच्या दलालाला माल पाठवा, निम्मे पैसे उधार ठेवा. त्यातल्या दोन पेट्या नासक्या निघाल्या म्हणून परत घ्या. दलालाचं कमिशन आणि गाडीभाडं वजा करून हिशेब जुळतो का ते बघा. मग ३१ मार्च ओलांडून नव्या आर्थिक वर्षात जा आणि जुनी येणी पुढे आली का ते तपासा.

हे सगळं एकदा लॅपटॉपवर करा, एकदा साध्या फोनवर, तेही घराच्या अशा कोपऱ्यात बसून जिथे रेंज जेमतेम येते. थर्मल प्रिंटर मिळाला तर ५८ मिलिमीटरच्या आणि ८० मिलिमीटरच्या दोन्ही रोलवर प्रिंट काढून बघा. बिल अर्धं कापलं जातं, मराठी नावाच्या जागी चौकोन येतात, या तक्रारींचा उगम तुम्हाला तिथेच दिसेल. ज्याने एकदा पूर्ण हंगाम डेमो खात्यात चालवला आहे, त्याला फोनवर ऐकताऐकताच कळतं की समोरचा कुठल्या टप्प्यावर अडकला आहे.

पायरी २: प्रश्न विचारायला शिका

मालवणहून फोन येतो: “गो बाय, काल रातीपासून बिल येणा नाय.” एवढ्यावर धावत सुटू नका. बिल बनत नाही, सेव्ह होत नाही, प्रिंट होत नाही की व्हॉट्सॲपवर जात नाही? या चार वेगळ्या तक्रारी आहेत.

विचारायचं ते असं. शेवटचं नीट कधी चाललं? त्यानंतर काय बदललं, म्हणजे नवा फोन, नवा माणूस, नवा प्रिंटर, दुसरं वायफाय? सगळ्याच बिलांना होतं की एखाद्याच? दुकानातल्या दुसऱ्या फोनवरून होतं का? “तुम्ही काय केलंत?” हा प्रश्न मी नव्या लोकांना विचारू देत नाही. तो आरोपासारखा कानाला लागतो आणि समोरचा लगेच “मी काहीच नाही केलं” म्हणून मोकळा होतो. “शेवटचं नीट कधी चाललं?” याला मात्र लोक मनापासून आठवून उत्तर देतात.

बोलण्याची रीतही सांभाळा. वयस्कर दुकानदाराला काका म्हटलं, बचतगटाच्या बाईंना ताई म्हटलं, की अर्धा ताण उतरतो. मालवणी येत असेल तर खुशाल मालवणीत बोला, त्याने माणूस जास्त आणि नेमकं सांगतो. तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या कंपनीतल्या नोंदीत, मात्र सरळ, सगळ्यांना कळेल अशा भाषेत लिहा. ते वाचणारा डेव्हलपर पुण्यात किंवा बंगळुरूत बसलेला असतो.

एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा. ओटीपी, पासवर्ड, यूपीआय पिन कधीही विचारायचा नाही. समोरचा आपणहून सांगायला लागला तर त्याला तिथेच थांबवायचं. इंटरनेटवर शोधून खोट्या कस्टमर केअरला फोन केला आणि पैसे गेले, असे प्रकार आपल्या गावांतही होतात. कोणी अशी हकिगत सांगितली तर सॉफ्टवेअरचा विषय बाजूला ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायला लावा. जितक्या लवकर तक्रार जाते, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पायरी ३: पुरावा वाचायला शिका

स्क्रीनशॉट हा पुरावा असतो, पण तोकडा. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबलं की डेव्हलपर टूल्स उघडतात. तिथल्या नेटवर्क टॅबमध्ये पान आणि सर्व्हर यांच्यातली सगळी देवाणघेवाण दिसते. तिथले आकडे पाठ करायची गरज नाही, पण काही ओळखीचे करून घ्या. ४०१ म्हणजे लॉगिन ग्राह्य धरलं गेलं नाही. ४०३ म्हणजे माणूस कोण ते कळलं, पण त्याला या कामाची परवानगी नाही, म्हणजे मालकाने कामगाराच्या खात्याला तो अधिकार दिलेला नसावा. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू त्या पत्त्यावर सापडली नाही. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार विनंत्या गेल्या. ५००पासून पुढचे आकडे आले की दोष सर्व्हरच्या बाजूला शोधायचा, गिऱ्हाइकाला कॅश क्लिअर करायला सांगून उपयोग नाही.

हीच माहिती एचएआर फाइल म्हणून सेव्ह करून डेव्हलपरला देता येते. जपून द्या. त्या फाइलमध्ये लॉगिनच्या कुकीज असू शकतात आणि त्या ज्याच्या हाती पडतील त्याला गिऱ्हाइकाच्या खात्यात शिरता येऊ शकतं. कंपनीच्या तिकिटातच जोडा, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, आणि गिऱ्हाइकाची माहिती सांभाळणं हे आपल्या कामाचाच भाग आहे.

यानंतर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉईन एवढं आलं तरी सपोर्टच्या कामात खूप पुढे जाता येतं. सरावाला एसक्यूलाइट फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे संगणकाचे धडे मराठीतही आहेत, इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर सुरुवात तिथून करा. थोडं जमायला लागलं की वरिष्ठांकडे डेटाबेसचा फक्त वाचण्यापुरता अधिकार मागा. लिहिण्याचा मागू नका, कोणी दिला तरी घेऊ नका. चालू डेटावर चुकून फिरलेली एक आज्ञा दुकानदाराचा वर्षभराचा हिशेब बिघडवू शकते.

पायरी ४: आठवड्याला एक तक्रार मुळापर्यंत न्या

माझ्या मते या लेखात सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन दाखवते.

बंदरावर मासळीचा व्यवहार करणारा एक व्यापारी तक्रार करतो: “आजची काही बिलं कालच्या विक्रीत दिसतायत.” सगळी नाहीत, काहीच. सर्वसाधारण सपोर्टवाला रिपोर्ट पुन्हा काढायला सांगेल, ॲप अपडेट करायला सांगेल, आणि काहीच चाललं नाही तर बिलाची तारीख हाताने बदलून देईल. व्यापाऱ्याचं समाधान होईल, तिकीट क्लोज होईल. पुढच्या आठवड्यात तोच फोन.

आता दुसऱ्या वाटेने जाऊ. एक कागद घ्या किंवा शीट उघडा. चुकलेली काही बिलं आणि बरोबर असलेली काही बिलं शेजारीशेजारी लिहा. रकाने करा: गिऱ्हाईक कोण, रक्कम किती, रोख की उधार, बिल कोणी केलं, कुठल्या फोनवरून, किती वाजता. पहिल्या पाच रकान्यांत काही हाती लागत नाही, दोन्हीकडे सगळे प्रकार आहेत. सहाव्यात लागतं. चुकलेलं प्रत्येक बिल पहाटे साडेपाचच्या आधीचं आहे. ५:२२चं बिल कालच्या तारखेत गेलंय, ५:४१चं आजच्या.

साडेपाच हा आकडा दिसला की भारतातल्या सपोर्टवाल्याने सावध व्हायला हवं. आपली वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे पहाटेचे ५:३० वाजतात तेव्हा यूटीसीत मध्यरात्र होते आणि तिथली तारीख बदलते. सर्व्हरने वेळ यूटीसीत साठवणं ही योग्यच पद्धत आहे. पण रिपोर्टमध्ये ती वेळ भारतीय वेळेत आणण्याआधीच दिवसवार गट पाडले, तर रात्री बारापासून साडेपाचपर्यंतची सगळी बिलं आदल्या दिवशी जाऊन बसतात.

इथे थांबलात तर तो नुसता अंदाज राहतो. तो तपासा. डेमो खात्यात पहाटे पाच वाजता एक बिल करा आणि पावणेसहाला दुसरं, मग रिपोर्ट काढा. कोकणात पहाटे उठणं काही कठीण नाही. डेटाबेस वाचायचा अधिकार असेल तर त्याहून सोपं, साडेपाचच्या आधी बिलं करणारे आणखी कोण कोण आहेत ते शोधा. दूधवाले, चहा-नाश्त्याची हॉटेलं, बसचे पार्सलवाले. त्यांच्याही रिपोर्टमध्ये हाच घोळ निघाला की खात्री झाली.

मग पुढचा विचार, आणि तो तुम्हीच करू शकता, कारण गिऱ्हाईक तुम्ही जवळून पाहिलेलं आहे. कपड्याचं किंवा मोबाईलचं दुकान सकाळी दहाला उघडतं, त्याला हा दोष जन्मात दिसणार नाही. म्हणूनच तो इतके दिवस कोणाच्या लक्षात आला नाही. आणि १ एप्रिलला पहाटे चार वाजता केलेलं बिल या दोषामुळे ३१ मार्चच्या तारखेत, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाईल. दर महिन्याच्या १ तारखेलाही तेच, मागच्या महिन्याच्या जीएसटीआर-१मध्ये, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नमध्ये, भलतीच बिलं शिरतील, आणि तो मासिक रिटर्न पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचा असतो. “रिपोर्टमध्ये थोडा फरक येतो” आणि “गिऱ्हाइकाचा रिटर्न चुकीचा भरला जाऊ शकतो” ही दोन वाक्यं डेव्हलपरच्या यादीत फार वेगवेगळ्या जागी बसतात.

दर आठवड्याला असं घबाड सापडणार नाही. कधी कारण साधंच निघेल, कधी दोन तास घालवून हाती काही लागणार नाही. तरी एक तक्रार निवडा, शक्यतो तिसऱ्यांदा आलेली, आणि शुक्रवारपर्यंत तिच्यामागे लागा. वरिष्ठांना आधी सांगून ठेवा की आठवड्यातला इतका वेळ यासाठी लागेल. चांगले वरिष्ठ नाही म्हणत नाहीत, कारण तिसऱ्यांदा आलेली तक्रार चौथ्यांदा आली नाही तर त्यांचाच भार हलका होतो.

पायरी ५: डेव्हलपरला वाचावीशी वाटेल अशी तक्रार लिहा

“कस्टमरला रिपोर्ट बरोबर दिसत नाही, प्लीज चेक, अर्जंट.” असं तिकीट यादीत पडून राहतं. त्याऐवजी पहिल्याच ओळीत निष्कर्ष लिहा: पहाटे ५:३०च्या आधीची बिलं दिवसवार विक्रीच्या रिपोर्टमध्ये आदल्या तारखेला दिसतात. खाली, हे पुन्हा घडवून कसं बघायचं त्याच्या पायऱ्या. मग काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं. किती गिऱ्हाइकांना लागू आहे, पैशाच्या किंवा कराच्या हिशेबावर परिणाम होतो का, तात्पुरता उपाय कोणता दिला आहे. तुमचा अंदाज असेल तर तोही लिहा, पण “माझा अंदाज” असं म्हणूनच. बिलांचे नंबर आणि वेळा द्या, आणि त्या वेळा भारतीय की यूटीसी हे स्पष्ट करा.

दोष दुरुस्त झाला की त्या डेव्हलपरला पाच मिनिटं मागा: नेमकं काय बदललंत ते दाखवाल का? बहुतेक जण आनंदाने दाखवतात. आपलं काम कोणीतरी समजून घेतंय याचं त्यांनाही बरं वाटतं. अशा पाच-पाच मिनिटांतून सॉफ्टवेअरची आतली रचना जितकी समजते, तितकी कुठल्याही कोर्समधून समजणार नाही. आणि दुरुस्ती झाल्याचं गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून कळवा. एवढा छोटा फोन बहुतेक लोक करत नाहीत, फार वाईट वाटतं.

पायरी ६: एक प्रांत आपला करा

सगळ्यातलं थोडंथोडं सगळ्यांनाच येतं. वर्षभरात एखादा विषय असा हवा की त्यावर अडलं की टीम तुमच्याकडे बघेल. प्रिंटर, जीएसटी, पेमेंट, एपीआय (दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी जोडायची सोय), काहीही चालेल. माझा सल्ला मात्र असा की मराठी माणसाने देवनागरीचा प्रांत घ्यावा. तो आपल्या रोजच्या वापरातला आहे, त्यात अडचणी भरपूर आहेत, आणि कंपनीतल्या फार थोड्या लोकांना त्या कळतात.

एसएमएसचंच बघा. तारकर्लीच्या होमस्टेवाल्याची तक्रार येते: “एसएमएसचे क्रेडिट तिप्पट वेगाने संपतायत, तुम्ही पैसे खाताय.” बुकिंग तेवढीच आहेत. फरक एकच. इंग्रजी मेसेजच्या शेवटी त्यांनी “धन्यवाद” जोडलं आहे आणि तो टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरलेला नमुना, नव्याने मंजूर करून घेतला आहे. एसएमएसच्या एका भागात १४० बाइट असतात. नुसती साधी इंग्रजी अक्षरं असतील तर त्यात १६० मावतात. एकही देवनागरी अक्षर आलं की अख्खा मेसेज युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, जातो आणि मग ७०च मावतात. मेसेज त्याहून लांब असला तर तुकडे पडतात, आणि तुकडे जोडण्याची माहितीही सोबत जात असल्याने एका तुकड्यात ६७च उरतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. “धन्यवाद” वाचताना चार अक्षरांचं, मोजणीत सात. मूळ मेसेज १४० अक्षरांचा, त्यात एक मोकळी जागा आणि हे सात, झाले १४८. ६७च्या हिशेबाने तीन तुकडे, म्हणजे जिथे एक क्रेडिट जायचं तिथे तीन.

हे कागदावर मांडून दाखवलं की पैसे खाल्ल्याचा आरोप करणारा माणूस शांत होतो. पण तुम्ही तिथे थांबू नका. मेसेज लिहिण्याच्या चौकटीखाली “हा मेसेज तीन भागांत जाईल” अशी सूचना यावी, असं प्रॉडक्टवाल्यांना सुचवा. असा बदल झाला तर त्याचं श्रेय उघडपणे तुमचं.

पतसंस्थांच्या डेटातही असंच. सभासदांची यादी सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साध्या मजकुरातली फाइल, म्हणून उतरवून थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. फाइल बिघडलेली नसते, एक्सेलने ती यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारात वाचलेली नसते. डेटा मेनूतून इम्पोर्ट करून यूटीएफ-८ निवडलं की नावं नीट दिसतात. सोळा आकडी खाते नंबरचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे पंधराच आकडे अचूक ठेवतं, तो रकाना आधीच टेक्स्ट करावा लागतो. जुन्या संस्थांकडे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्षानुवर्षांची माहिती असते. फॉन्ट काढला की ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि रूपांतर केल्याशिवाय तिच्यात शोध घेता येत नाही. या एकाच विषयावर एखाद्याची दोन वर्षं सहज जातील, आणि चांगली जातील.

पायरी ७: सोडवलेलं लिहून ठेवा

उत्तर डोक्यात ताजं असताना, तिकीट क्लोज करायच्या आधीच, मदत-लेखाचा कच्चा मजकूर लिहा. शीर्षक गिऱ्हाइकाच्या शब्दांत द्या. “इनव्हॉइस सिंक्रोनायझेशन” असं कोणी शोधत नाही, “फोनवरचं बिल कॉम्प्युटरवर दिसत नाही” असं शोधतात. मराठीत लिहा, स्क्रीनचे फोटो मराठी भाषा निवडलेल्या ॲपचे घ्या. कंपनीकडे मराठी लेख नसतील तर ती जागा रिकामीच आहे, परवानगी घेऊन सुरुवात करा.

पायरी ८: हंगाम आणि पाऊस धरून आखणी करा

आपल्या भागातल्या गिऱ्हाइकांची गर्दी वर्षभर सारखी नसते. मार्चमध्ये वर्षअखेर आणि आंबा एकत्र येतात, ती गर्दी मे अखेरपर्यंत उतरत नाही. गणपतीत चाकरमानी आले की किराणा दुकानं आणि वाहतूकवाले गजबजतात. दिवाळी आणि डिसेंबरअखेर होमस्टेवाल्यांची. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्या दोन महिन्यांत मासळीवाले शांत असतात. शिकायचं, लेख लिहायचे, नवं काम मागायचं ते जून-जुलैमध्ये. मार्चमध्ये वरिष्ठांकडे नवीन जबाबदारी मागायला गेलात तर त्यांना ऐकायलाही उसंत नसेल.

पावसाचं मात्र आधीच बघावं लागतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. कितीतरी गावांत दिवसेंदिवस लाईट नव्हती. जुलै २०२१मध्ये चिपळुणात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. असे प्रसंग विरळा, पण विजा कडाडताना दोन-चार तास लाईट जाणं हे नेहमीचंच. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या, दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा, विजा सुरू झाल्या की चार्जर आणि राउटरची वायर काढा. काम करताना प्रत्येक तिकिटात इथवर काय तपासलं ते लिहीत जा, म्हणजे तुमचं नेट गेलं तरी पुण्यातला सहकारी तिथून पुढे सुरू करू शकेल. “कोकणातली माणसं पावसात गायब होतात” हा समज मोडणं आपल्याच हातात आहे, आणि तो मोडला की कंपन्या इथे आणखी माणसं घेतात.

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी रात्रपाळी असेल तर एक लक्षात ठेवा. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, त्यामुळे आपली पाळी तासाने सरकते. रात्रपाळीत काम करून दिवसा घरची कामं अंगावर घेऊ नका. घरी बसलेला माणूस मोकळाच आहे असं घरच्यांना वाटतं. त्यांना एकदा नीट बसवून सांगा.

रागावलेल्या गिऱ्हाइकांबद्दल थोडंच सांगते. ऐन हंगामात गाडी उभी असताना बिल निघत नाही म्हणून ओरडणारा माणूस तुमच्यावर ओरडत नसतो, त्याला आधी पूर्ण बोलू द्या. शिवीगाळ सुरू झाली तर कॉल शांतपणे संपवायचा अधिकार तुम्हाला असायला हवा. तो आहे का, हे नोकरीला लागतानाच विचारा. नसेल तर ती कंपनी नव्या माणसासाठी चांगली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ९: वरिष्ठांशी बोला, पुरावे घेऊन

पहिला प्रतिसाद किती वेळात दिला, किती तिकिटं क्लोज केली, गिऱ्हाइकाने किती गुण दिले, हे आकडे कंपनी ठेवतेच. ते सांभाळा, पण तुमची वाढ त्यांत दिसणार नाही. मुळापर्यंत नेलेली तक्रार कधीकधी पाच सोप्या तिकिटांचा वेळ खाते. म्हणून स्वतःची नोंद ठेवा: कुठली तक्रार, कारण काय निघालं, त्यामुळे काय बदललं, बदलानंतर ती तक्रार पुन्हा किती वेळा आली. गिऱ्हाइकांची नावं त्यात नकोत.

वर्षाने ही नोंद समोर ठेवून बोला. “मला वाढ हवी” यापेक्षा “पेमेंटच्या अवघड तक्रारी पुढच्या तिमाहीत माझ्याकडे द्या” असं नेमकं मागा. सपोर्टमधून वाटा बऱ्याच फुटतात: दुसऱ्या-तिसऱ्या स्तराचा सपोर्ट इंजिनिअर, टेस्टिंग, इम्प्लिमेंटेशन (गिऱ्हाइकाकडे सॉफ्टवेअर बसवून देणं), टेक्निकल लेखन, प्रॉडक्ट, आणि चिकाटी असेल तर डेव्हलपमेंटही. घर सोडायचं नसेल तर सपोर्ट इंजिनिअर आणि लेखन या दोन वाटा कोकणातून उत्तम चालतात. इम्प्लिमेंटेशनला फिरती फार. टेस्टिंगचं नाव जास्त तांत्रिक वाटतं म्हणून तिकडे जाणारे मी पाहिले आहेत, पण नुसती ठरलेली यादी तपासायचं काम मिळणार असेल तर अवघड तक्रारी सोडवणं त्याहून कितीतरी जास्त शिकवतं.

आणि दोन तिमाही नेमकं मागूनही फक्त पासवर्ड रीसेटच वाट्याला येत असतील, तर दुसरीकडे बघायला संकोच करू नका. मुलाखतीत अनुभवाची वर्षं सांगत बसण्याऐवजी साडेपाचच्या बिलांसारखी एक तक्रार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा: काय आलं, काय तपासलं, काय निघालं, काय बदललं. जुनी कंपनी सोडताना लिहिलेले लेख आणि अर्धवट तक्रारींच्या नोंदी पुढच्या माणसाच्या हाती द्या. स्वतःच्या लॅपटॉपवर आणि फोनवर राहिलेले गिऱ्हाइकांचे स्क्रीनशॉट, एचएआर फाइली, सभासदांच्या याद्या शोधून काढून टाका, आणि तसं केल्याचं वरिष्ठांना ईमेलने कळवा.